हायस्कूलमधील स्पोर्ट्स मेडिसिन: या विषयात मुले नेमके काय शिकतात?

अमेरिकेतील हायस्कूलमध्ये पुढील वर्षाचे विषय निवडण्याची वेळ आली, आणि इंग्रजी, गणित, रसायनशास्त्र यांच्या यादीत ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ हे नाव दिसले, की तेथील मराठी घरांत साधारणपणे दोन प्रकारचे मत ऐकू येते. काही पालकांना वाटते की खेळात रमणाऱ्या मुलांसाठी ठेवलेला हा हलका विषय असावा. काहींना वाटते की मूल डॉक्टर होण्याच्या वाटेला आताच लागले. हे दोन्ही समज अपुरे आहेत. खेळताना शरीराला इजा कशी होते, ती झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय करायचे आणि काय टाळायचे, जे पाहिले ते कसे नोंदवायचे, आणि कोणत्या क्षणी जखमी खेळाडूला आपल्याहून अधिक जाणणाऱ्या माणसाच्या हाती सोपवायचे, हे या विषयात शिकवले जाते. यातील शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण सोळा वर्षांच्या मुलामुलींना आपल्या ज्ञानाची हद्द ओळखायला शिकवणारे विषय शाळेत फार थोडे असतात.

हे शिक्षण ज्या चौकटीत दिले जाते तिला तेथे ‘करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन’ किंवा थोडक्यात सीटीई म्हणतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारने शाळांमधील व्यवसाय शिक्षणाला पैसा देण्यास १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने सुरुवात केली. तेव्हा डोळ्यांपुढे शेती, कारखाना आणि गृहशास्त्र होते. पुढे १९८४ मध्ये खासदार कार्ल पर्किन्स यांच्या नावाने नवा कायदा झाला, त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या, आणि २०१८ मध्ये मंजूर झालेली आवृत्ती आज लागू आहे. या प्रवासात आरोग्यसेवा, संगणक, अभियांत्रिकी असे विषय आत आले, आणि कॉलेजला न जाणाऱ्यांसाठी असलेली वेगळी वाट हे जुने रूपही बदलले. आपल्याकडे आयटीआय किंवा बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम म्हटले की अनेक पालकांच्या कपाळावर आठी पडते. तो अनुभव मनात ठेवून सीटीईकडे पाहिले तर चूक होईल. स्पोर्ट्स मेडिसिनच्या वर्गात बसणारी बरीच मुले त्याच वर्षी प्रगत जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्रही शिकत असतात. कायद्याच्या व्याख्येनुसार एकाच शाखेतील किमान दोन अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यालाच त्या शाखेचा खरा विद्यार्थी मानले जाते, आणि म्हणून बहुतेक ठिकाणी हा विषय दोन किंवा तीन वर्षांच्या क्रमाने रचलेला असतो.

हा विषय शिकवते कोण, यावर त्याचे बरेचसे मूल्य अवलंबून असते, आणि येथे एका पेशाची ओळख करून घ्यावी लागते. अनेक शाळांत या वर्गाचे शिक्षक ‘अॅथलेटिक ट्रेनर’ असतात. व्यायामशाळेत वजन उचलायला शिकवणारा पर्सनल ट्रेनर आणि अॅथलेटिक ट्रेनर यांचा एकमेकांशी संबंध नाही. अॅथलेटिक ट्रेनर हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारा आरोग्यसेवक असतो. इजा टाळणे, मैदानावर तपासणे, तातडीचा उपचार करणे आणि नंतर खेळाडूला टप्प्याटप्प्याने पूर्ववत करणे ही त्याची कामे आहेत. या लोकांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली, आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पेशाला १९९० मध्ये आरोग्यसेवेची शाखा म्हणून मान्यता दिली. पूर्वी या कामासाठी चार वर्षांची पदवी पुरेशी होती. आता नव्याने येणाऱ्याला पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते आणि त्यानंतर बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. शाळेतील वर्ग म्हणजे या पेशाचे, आणि त्याच्या शेजारी असलेल्या फिजिओथेरपी, अस्थिरोग, पोषणशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र अशा क्षेत्रांचे, पहिले दर्शन आहे.

पहिल्या वर्षाचा मोठा भाग शरीररचनेचा असतो, पण तो जीवशास्त्राच्या पुस्तकापेक्षा वेगळ्या मार्गाने शिकवला जातो. हाडे, स्नायू, त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे आणि हाडाला हाडाशी जोडणारे अस्थिबंध यांची नावे पाठ करावी लागतातच. त्यापुढे जाऊन ती नावे स्वतःच्या आणि वर्गमित्राच्या शरीरावर बोटाने शोधावी लागतात. घोट्याचे उदाहरण घेतले तर या शिक्षणाची सगळी पद्धत उलगडते.

घोटा मुरगळणे ही खेळातील अगदी नेहमीची इजा आहे. बास्केटबॉलमध्ये उडी मारून खाली येताना पाऊल दुसऱ्याच्या पायावर पडते, तळवा आतल्या बाजूला वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. तेथे असे तीन अस्थिबंध आहेत, आणि त्यांपैकी पुढचा, नडगीशेजारच्या बारीक हाडापासून पावलाच्या टॅलस नावाच्या हाडाकडे जाणारा, बहुधा सर्वांत आधी दुखावतो. आतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद आणि बळकट असतो, शिवाय बाहेरचे हाड आतल्या हाडापेक्षा खाली उतरलेले असल्याने पाऊल बाहेरच्या दिशेने सहज वळत नाही. त्यामुळे उलट दिशेची इजा कमी दिसते. ही रचना एकदा समजली की विद्यार्थ्याला सूज कोठे येईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. अस्थिबंध नुसता ताणला गेला, अर्धवट फाटला की पूर्ण तुटला, यावरून इजेच्या तीव्रतेच्या तीन पायऱ्या ठरतात.

यानंतर तपासणीचा क्रम शिकवला जातो. आधी विचारायचे, मग पाहायचे, मग हाताने चाचपायचे आणि सर्वांत शेवटी, तेही प्रशिक्षित माणसाने, सांध्याच्या विशेष चाचण्या करायच्या. हा क्रम न मोडण्याला महत्त्व आहे. कसे पडलात, काही तुटल्यासारखा आवाज आला का, याच घोट्याला पूर्वी इजा झाली होती का, हे प्रश्न आधी विचारले तर हात लावण्यापूर्वीच निम्मे चित्र स्पष्ट होते. पाहताना दुखऱ्या पायाची तुलना नेहमी दुसऱ्या, धडधाकट पायाशी करायची असते, कारण काही लोकांचे घोटे मुळातच जाडसर दिसतात. चाचपताना दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करून हळूहळू तिच्याकडे यायचे असते.

येथेच विद्यार्थ्यांना कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये तयार झालेल्या नियमांची ओळख होते, आणि वैद्यकातील चांगला नियम कसा असतो हे दाखवण्यासाठी याहून उत्तम उदाहरण मला सुचत नाही. घोटा मुरगळलेल्या प्रत्येकाचा एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या हाडाला काहीच झालेले नसते. वेळ आणि पैसा मात्र जातो. ओटावाच्या डॉक्टरांनी मोजक्या खुणा निश्चित केल्या. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकाला किंवा मागच्या कडेवर खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर दुखणे, पावलाच्या बाहेरच्या कडेवरील पाचव्या लांब हाडाच्या बुडाशी किंवा आतल्या बाजूच्या नॅव्हिक्युलर हाडावर दुखणे, आणि इजेनंतर लगेच व तपासणीच्या वेळी चार पावलेही न टाकता येणे. यांपैकी काहीच नसेल तर हाड मोडल्याची शक्यता फार कमी असते. हायस्कूलमधील मुलांना हे नियम शिकवण्याचा उद्देश त्यांनी निदान करावे असा नसतो. कोणती खूण दिसली तर खेळाडूला पुढे पाठवलेच पाहिजे, हे त्यांना कळावे एवढाच असतो.

मुरगळलेल्या घोट्याच्या उपचारातून आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येते: वैद्यकातले ज्ञान बदलत राहते. विश्रांती, बर्फ, आवळपट्टी आणि पाय उंच ठेवणे या चार उपायांचे ‘राइस’ हे आद्याक्षरी सूत्र १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केले आणि ते जगभर पसरले. त्याच मिर्किन यांनी २०१४ मध्ये लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्याची क्रिया उलट लांबू शकते. दाह ही शरीराच्या दुरुस्तीची सुरुवात असते, आणि बर्फाने वेदना कमी झाली तरी ती दुरुस्ती वेगाने होते असे दिसत नाही. आजचा कल पहिले एक-दोन दिवस घोट्याला जपणे आणि नंतर सोसेल तितकी हालचाल व भार लवकर सुरू करणे याकडे आहे. चांगला शिक्षक वर्गात जुने सूत्र आणि त्यावरील आक्षेप दोन्ही मांडतो. ज्याने सूत्र दिले त्यानेच ते मागे घेतले, हे ऐकणे सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी विज्ञानाचा फार चांगला धडा आहे.

वर्गातील सर्वांत आवडता तास पट्टी बांधण्याचा असतो. दीड इंच रुंदीची पांढरी चिकटपट्टी, तिच्याखाली त्वचेच्या रक्षणासाठी पातळ फोमचा थर, घोट्याच्या वर आणि पावलावर आधाराचे पट्टे, मग आतल्या बाजूने निघून टाचेखालून बाहेरच्या बाजूला ओढत नेलेले पट्टे, आणि शेवटी टाच जागच्या जागी धरून ठेवणारे तिरके फेरे. आतून बाहेर ओढण्याचे कारण शरीररचनेच्या धड्यात आलेले असते: पाऊल आत वळू नये म्हणून त्याला बाहेरच्या बाजूने धरायचे. पट्टीला सुरकुती पडली तर फोड येतो, फार आवळली तर रक्तपुरवठा अडतो, आणि म्हणून बांधून झाल्यावर नखावर दाबून रंग परत येतो का हे पाहिले जाते. पट्टीच्या मर्यादाही सांगितल्या जातात. अर्ध्या तासाच्या खेळानंतर ती बरीच सैल पडते, आणि पुन्हा मुरगळणे टाळायचे असेल तर एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम नियमित करावे लागतात.

गुडघ्याच्या धड्यात एक सामाजिक बाजूही येते. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ मध्ये झाला, तेव्हा अमेरिकेतील हायस्कूलच्या संघांत तीन लाखांपेक्षाही कमी मुली खेळत होत्या. आज ही संख्या तीस लाखांच्या पुढे आहे. मुली मोठ्या संख्येने मैदानात उतरल्यावर लक्षात आले की सॉकर आणि बास्केटबॉलमध्ये गुडघ्याच्या मधला पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी अधिक वेळा तुटतो, आणि बहुधा कोणाचाही धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा अचानक दिशा बदलताना तुटतो. उतरताना गुडघा आत झुकणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे, आणि ते सवयीने बदलता येते. योग्य रचनेचा सराव-पूर्व व्यायाम नियमित केल्याने ही इजा निम्म्याच्या आसपास कमी होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसले आहे. कबड्डी आणि खो-खोमध्येही अचानक वळणे व थांबणे सतत चालते, त्यामुळे महाराष्ट्रातील क्रीडाशिक्षकांनीही या व्यायामांकडे पाहावे असे मनापासून वाटते.

दुखऱ्या घोट्याची चूक पुढे सुधारता येते. काही चुका मात्र सुधारता येत नाहीत. म्हणून या विषयातला सर्वांत गंभीर भाग तातडीच्या प्रसंगांचा असतो, आणि तो मुख्यतः हृदय, उष्णता आणि डोके या तीन धोक्यांभोवती फिरतो.

२ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथील व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या (हेल्मेट घालून खेळल्या जाणाऱ्या, सॉकरहून वेगळ्या खेळाच्या) सामन्यात बफेलो संघाचा दमार हॅमलिन टक्कर घेऊन उभा राहिला आणि लगेच कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. मैदानावरच छातीवर दाब देणे सुरू झाले, विजेचा धक्का दिला गेला, तो वाचला आणि पुढील हंगामात पुन्हा खेळला. कोट्यवधी लोकांनी हे पाहिले, पण त्यामागची तयारी थोड्यांच्या लक्षात आली. कोण दाब देणार, हृदयाला विजेचा धक्का देणारे एईडी नावाचे यंत्र कोण आणणार, रुग्णवाहिका कोणत्या दारातून आत येणार, हे सगळे आधीच ठरलेले असते. शाळेच्या मैदानासाठीही अशी लेखी आणीबाणी-योजना असावी लागते, आणि स्पोर्ट्स मेडिसिनचे विद्यार्थी तिची तालीम करतात. छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, हे पुतळ्यावर शिकून ते प्रमाणपत्र मिळवतात. प्रत्येक मिनिटाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, म्हणून एईडी मैदानापासून किती अंतरावर आहे हा प्रश्न जीवनमरणाचा असतो. आणखी एक बारकावा मुद्दाम शिकवला जातो. हृदय बंद पडलेला खेळाडू काही क्षण झटके आल्यासारखा हलू शकतो किंवा मधूनच घरघरत श्वास घेतल्यासारखा दिसतो, आणि पाहणाऱ्याला ती फीट वाटते. धक्का न लागता अचानक कोसळलेला, प्रतिसाद न देणारा खेळाडू दिसला तर हृदयच बंद पडले असे धरून चालायचे.

उष्माघाताचा धडा ऑगस्टमधील फुटबॉल सरावाशी जोडलेला आहे. मिनेसोटा संघाचा कोरी स्ट्रिंगर ३१ जुलै २००१ रोजी कडक उन्हातील सरावानंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. तो २७ वर्षांचा होता. त्याच्या नावाची संस्था २०१० पासून कनेक्टिकट विद्यापीठात काम करते आणि हे मृत्यू टाळता येतात हे सांगत असते. श्रमातून होणाऱ्या उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होऊन खेळाडू गोंधळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा कोसळतो. त्वचा कोरडी पडते हे जुने लक्षण येथे भरवशाचे नाही. असा खेळाडू घामाने निथळत असू शकतो. उपचाराचे सूत्र आहे ‘आधी थंड करा, मग हलवा’. बर्फाच्या पाण्याच्या टबात त्याला गळ्यापर्यंत बुडवायचे, पाणी ढवळत राहायचे, आणि तापमान ३९ अंशांच्या खाली आल्यावरच रुग्णालयाकडे न्यायचे. रुग्णवाहिका आल्याबरोबर खेळाडूला त्यात घालावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण टब तयार असेल तर ती घाई जीव घेऊ शकते. टाळण्याचा मार्ग याहून साधा आहे: हंगामाच्या पहिल्या १४ दिवसांत सरावाचा वेळ आणि अंगावरील संरक्षक साहित्य हळूहळू वाढवायचे, म्हणजे शरीर उष्णतेला सरावते. विद्यार्थी ऊन, आर्द्रता आणि वारा यांचा एकत्रित परिणाम मोजणारे उपकरण वाचायला शिकतात आणि त्या आकड्यानुसार सराव थांबवण्याचे नियम समजून घेतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उन्हाळी शिबिरे घेणाऱ्यांनाही हे सगळे लागू पडते.

तिसरा धोका डोक्याचा. मेंदूला हादरा बसणे, ज्याला तेथे सगळे कन्कशन म्हणतात, ही दिसत नसलेली इजा आहे. बहुतेक वेळा शुद्ध हरपत नाही, आणि स्कॅनमध्येही बहुधा काही सापडत नाही. हेल्मेटने कवटी वाचते, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच. वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेट नावाचा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉल सामन्यात डोके आपटूनही पुन्हा खेळायला उतरला, आणि सामन्यानंतर मेंदूतील रक्तस्रावाने कोसळला. तो वाचला, पण पुन्हा उभे राहून चालू लागायला त्याला अनेक वर्षे लागली. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाचा कायदा केला, आणि पाच वर्षांत सर्वच राज्यांनी त्या धर्तीवर कायदे केले. कायद्याचा गाभा सरळ आहे: शंका आली की खेळाडूला बाहेर काढायचे, आणि परवानाधारक आरोग्यसेवकाने लेखी परवानगी दिल्याशिवाय आत घ्यायचे नाही. त्यानंतरचे पुनरागमन सहा टप्प्यांचे असते. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्यायचे असतात, आणि लक्षणे पुन्हा वाढली तर एक टप्पा मागे यावे लागते. अभ्यासाकडे परतणेही टप्प्यांनीच होते. विद्यार्थ्यांना येथे एक अवघड जबाबदारी समजावून सांगितली जाते. डोकेदुखी लपवणारा खेळाडू प्रशिक्षकाला काही सांगणार नाही. पाण्याची बाटली देणाऱ्या वर्गमित्राला कदाचित सांगेल. तेव्हा ते गुपित ठेवायचे नसते, पुढे कळवायचे असते.

दुसऱ्या वर्षी मुले प्रत्यक्ष मैदानावर जातात. शाळा सुटल्यावरचा सराव, शुक्रवारच्या रात्रीचे फुटबॉल सामने, शनिवारच्या कुस्ती स्पर्धा यांत ती अॅथलेटिक ट्रेनरच्या हाताखाली काम करतात. टेक्सासने १९७१ मध्ये अॅथलेटिक ट्रेनरना परवाना देणारा कायदा सर्व राज्यांच्या आधी केला, आणि तेथील शाळांत विद्यार्थी-सहायकांची परंपरा विशेष घट्ट आहे. त्यांनी काय करायचे आणि काय नाही, याची रेषा मात्र स्पष्ट असते. पाणी आणि बर्फ तयार ठेवणे, साहित्य भरणे, देखरेखीखाली पट्टी बांधणे, नोंदी लिहिणे, तातडीच्या वेळी सीपीआर (छातीवर दाब देण्याचा वर सांगितलेला उपचार) आणि प्रथमोपचार देणे हे त्यांचे काम. इजेचे निदान करणे, औषध देणे, उपचाराची विद्युत यंत्रे चालवणे आणि खेळाडू पुन्हा खेळू शकतो असा निर्णय देणे हे त्यांचे काम नाही, मग प्रशिक्षक किंवा खेळाडू कितीही आग्रह करो.

नोंदी लिहिण्याचे शिक्षण बाहेरून रुक्ष दिसते, पण मला ते फार आवडते. नोंदीचे चार भाग असतात: खेळाडूने काय सांगितले, आपण काय पाहिले व मोजले, त्यावरून जाणकाराचे मत काय, आणि पुढे काय करायचे. विद्यार्थ्याला पहिल्या दोन भागांतील फरक पक्का करावा लागतो. ‘गुडघा सुजला आहे’ असे खेळाडू म्हणाला, हे एक झाले. दोन्ही गुडघ्यांचा घेर टेपने मोजला आणि उजवा दोन सेंटिमीटरने अधिक निघाला, हे दुसरे. ‘अस्थिबंध तुटला असावा’ असे लिहिण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नाही. सांगितलेले, पाहिलेले आणि अनुमान केलेले वेगळे ठेवण्याची ही सवय जो लावून घेतो, तो पुढे वैद्यक सोडून दुसरे काही शिकला तरी ती त्याच्या उपयोगी पडते. शिवाय गुप्ततेचा प्रश्न असतो. ज्याची नोंद लिहायची तो याच शाळेतला, कदाचित याच वर्गातला मुलगा असतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गुप्तता राखणारा १९७४ चा केंद्रीय कायदा येथे लागू होतो, आणि कर्णधार पुढचा सामना खेळणार का, हे जेवणाच्या सुट्टीत मित्रांना सांगण्याची मुभा नसते.

ज्यांना स्पर्धेची आवड असते त्यांच्यासाठी ‘होसा’ ही १९७६ मध्ये सुरू झालेली आरोग्यक्षेत्रातील विद्यार्थ्यांची संघटना आहे. तिच्या स्पर्धांत स्पोर्ट्स मेडिसिनचा स्वतंत्र प्रकार असतो: आधी लेखी परीक्षा, मग परीक्षकांसमोर शरीरावरील खुणा ओळखणे आणि पट्टी बांधणे.

आता पालकांच्या मनातील प्रश्न. या अभ्यासक्रमाने मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश मिळत नाही, आणि तसे कोणी सुचवत असेल तर विश्वास ठेवू नये. अमेरिकेत खेळाडूंचा डॉक्टर व्हायचे तर आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षे मेडिकल कॉलेज, त्यानंतर कुटुंबवैद्यक, बालरोग किंवा अस्थिरोग अशा एखाद्या शाखेचे निवासी प्रशिक्षण, आणि शेवटी क्रीडावैद्यकाचे साधारण एक वर्षाचे विशेष प्रशिक्षण असा पल्ला असतो. फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी पदवीनंतर साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट लागते. फिजिओथेरपी सहायकाला दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरतो. हायस्कूलच्या वर्गाने यांपैकी कोणताही टप्पा वाचत नाही. काही शाळांचा जवळच्या कम्युनिटी कॉलेजशी करार असतो आणि त्यातून थोडे क्रेडिट मिळते, एवढाच ठोस लाभ. पण आपल्याला हे काम आवडते का, जखम पाहून आपले हात स्थिर राहतात का, रात्री दहापर्यंत थंडीत उभे राहण्याची आपली तयारी आहे का, हे मूल सतराव्या वर्षी, फी न भरता जाणून घेते. ‘हे माझे काम नाही’ हे उत्तर मिळाले तरी त्याची किंमत मोठी आहे, कारण तेच उत्तर कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी मिळाले तर फार महाग पडते. महाराष्ट्रात हे आजमावण्याची सोय शाळेत मिळत नाही. बारावी विज्ञाननंतर फिजिओथेरपीची पदवी आणि मग क्रीडा फिजिओथेरपीत पदव्युत्तर शिक्षण हा रूढ मार्ग आहे, आणि मैदानाशी खरी ओळख त्यात उशिरा होते.

अभ्यासक्रमाची एक दुखरी बाजू सांगितलीच पाहिजे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की अमेरिकेतील सुमारे ७० टक्के सरकारी हायस्कूलमध्ये अॅथलेटिक ट्रेनरची काही ना काही सेवा होती, पण पूर्णवेळ ट्रेनर असलेल्या शाळा केवळ ३७ टक्के होत्या. जेथे ट्रेनर नाही किंवा तो एकाच वेळी तीन मैदानांवर हवा असतो, तेथे शिकणाऱ्या मुलांकडून त्याचे काम करून घेण्याचा मोह होतो. हे खेळाडूवर अन्याय करणारे आहे आणि विद्यार्थ्यावरही. सोळा वर्षांच्या मुलीला दुसऱ्या मुलाच्या मेंदूविषयी निर्णय घ्यायला लावणे याला शिक्षण म्हणता येत नाही.

म्हणून विषय निवडण्यापूर्वी पालकांनी शाळेला थेट विचारावे. वर्ग कोण शिकवते, आणि मैदानावर मुलांबरोबर त्याच ठिकाणी प्रमाणित ट्रेनर उभा असतो का? आठवड्याला किती संध्याकाळी जाव्या लागतात, आणि परीक्षेच्या काळात सवलत मिळते का? सीपीआर प्रमाणपत्र अभ्यासक्रमातच मिळते का? शाळेची आणीबाणी-योजना लेखी आहे का, आणि तिची तालीम शेवटची केव्हा झाली? कॅलिफोर्नियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात किंवा लॉस एंजेलिसच्या आसपास, राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी पहिला प्रश्न अधिक नेटाने विचारावा. इतर राज्यांनी अॅथलेटिक ट्रेनरच्या कामावर परवान्याचे किंवा नोंदणीचे बंधन घातलेले असताना कॅलिफोर्निया दीर्घकाळ त्याला अपवाद राहिला आहे. तेथे बोर्ड ऑफ सर्टिफिकेशनची परीक्षा न दिलेली व्यक्तीही हे पद लावत आलेली आहे, आणि शाळेच्या कार्यालयात दोन मिनिटांत हे विचारून घेता येते.